कौतुकाच्या दिवशी फुटलेली विहीर

२० एप्रिल २०१०. अमेरिकेच्या लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यापासून सुमारे ६६ किलोमीटरवर, मेक्सिकोच्या आखातात, डीपवॉटर होरायझन नावाच्या तरंगत्या रिगवर दुपारी हेलिकॉप्टरने चार साहेब उतरले. दोन बीपी या ब्रिटिश तेल कंपनीचे, दोन ट्रान्सओशन कंपनीचे. रिग ट्रान्सओशनची, आणि ती भाड्याने घेऊन तेलविहीर खोदत होती बीपी. पाहुण्यांच्या भेटीला एक आनंदाचं निमित्तही होतं. या रिगवर सलग सात वर्षं कुणाचाही कामाचा दिवस बुडेल अशी दुखापत झाली नव्हती. त्याबद्दल शाबासकी द्यायची होती.

साहेब रिगभर हिंडले. हात चेंगरू नयेत, पाय घसरू नयेत, उंचावरून पाना-हातोडा कुणाच्या डोक्यात पडू नये, या गोष्टींवर बोलणं झालं. फिरत फिरत ते ड्रिलरच्या केबिनपाशीही पोचले. तिथे तेव्हा विहिरीच्या एका चाचणीवरून चर्चा चालू होती, कारण आकडे जुळत नव्हते. पाहुण्यांच्या हे लक्षात आलं, पण खोलात कुणी शिरलं नाही. नंतर एकाने चाचणी कशी झाली म्हणून विचारलं, तेव्हा उत्तरादाखल अंगठा वर झाला. रात्री पावणेदहाच्या सुमारास विहीर फुटली. रिगवर १२६ माणसं होती. त्यातली ११ गेली, आणि दोन दिवसांनी रिगही समुद्रात बुडाली.

या अपघाताबद्दल बोलताना लोकांना आठवतात तेलात माखलेले पेलिकन पक्षी, नाहीतर बीपीचे तेव्हाचे मुख्याधिकारी टोनी हेवर्ड यांची बेताल वाक्यं. मला मात्र ही दुपारची फेरी जास्त महत्त्वाची वाटते. वरिष्ठांची नैतिक जबाबदारी म्हणजे नेमकं काय, हे तिथे उघड्यावर दिसतं. त्यासाठी आधी विहीर समजून घेऊ. फार अवघड नाही.

आपल्याकडे बोअर मारताना काळजी एकच असते, पाणी लागेल का? तेलाच्या बोअरचं उलटं असतं. खाली तेल आणि वायू प्रचंड दाबाखाली कोंडलेले असतात आणि भोक पडायची वाटच बघत असतात. त्यांना वर येऊ न देता खोदायचं, हे खरं कौशल्य. माकोंडो नावाच्या या विहिरीवर समुद्राची खोली सुमारे १,५०० मीटर, आणि तळाखाली आणखी चार किलोमीटर खोदकाम.

दाबाला दाबूनच ठेवावं लागतं. त्यासाठी भोकात जड द्रव भरतात. त्याला मड म्हणतात, पण हा शेतातला चिखल नव्हे. बराइटसारखं जड खनिज घालून वजन वाढवलेलं ते महागडं मिश्रण असतं. त्याचा कित्येक हजार फूट उंचीचा स्तंभ स्वतःच्या भाराने तेलाला खाली धरून ठेवतो. मड हलका पडला तर तेल-वायू आत घुसतात. फार जड झाला तर खडकच तडकतो आणि मड तडांमधून नाहीसा होतो. माकोंडोत हे दुसरं घडलं होतं. खडक नाजूक निघाला, म्हणून १८,३६० फुटांवर खोदाई थांबवावी लागली. तोवर काम जवळजवळ सहा आठवडे रखडलं होतं आणि खर्च अंदाजापेक्षा ५ कोटी ८० लाख डॉलरनी वर गेला होता. रिगचं भाडं आणि बाकीचा लवाजमा धरून दिवसाला दहा लाख डॉलरच्या आसपास मीटर पडत होतं.

खोदून झालं की भोकात लोखंडी केसिंग सोडतात आणि केसिंग व खडक यांच्यामधल्या फटीत सिमेंट भरतात. ते नीट बसलं तर खालचं तेल खालीच राहतं. मग विहीर तात्पुरती बंद करून रिग पुढच्या कामाला निघून जाते, आणि तेल काढायला नंतर दुसरा ताफा येतो. २० एप्रिलला हेच शेवटचं आवराआवरीचं काम चालू होतं. शेवटच्या दिवशी माणसाचं मन पुढच्या गावाला पोचलेलं असतं, हे कुठल्याही साइटवर काम केलेला माणूस सांगेल.

आता निर्णय बघा. केसिंग भोकाच्या मधोमध राहावी म्हणून तिला बाहेरून सेंट्रलायझर नावाच्या पट्ट्या बसवतात. पाईप एका बाजूला टेकला तर सिमेंट रुंद बाजूने सरळ वर जातं आणि चिंचोळ्या बाजूला मड तसाच राहतो. सिमेंटचं काम हॅलिबर्टन या कंपनीकडे होतं. त्यांच्या संगणकाने २१ सेंट्रलायझर सुचवले. रिगवर होते सहा. आणखी पंधरा हेलिकॉप्टरने आणलेही, पण ते चुकीच्या प्रकारचे आहेत असा समज झाला आणि सहांवरच भागवलं. तो समज चुकीचा होता, हे बीपीच्याच तपासात पुढे निघालं. त्या दिवसांतल्या एका इंजिनिअरच्या ईमेलचा मथितार्थ असा की, जाऊ दे, झालं ते झालं, बहुतेक ठीक होईल. विहीर केवळ यानेच फुटली असं नाही. पण ‘बहुतेक ठीक होईल’ हे त्या आठवड्याचं घोषवाक्य शोभलं असतं.

सिमेंट नीट बसलंय का हे तपासायला श्लुम्बर्जर कंपनीची माणसं यंत्रासकट रिगवर येऊन बसली होती. तपासणीचा खर्च सव्वा लाख डॉलरच्या घरात, वेळ अर्धा दिवस. २० तारखेच्या सकाळी त्यांना तपासणी न करताच परत पाठवलं. कारण? सिमेंट भरताना मड नाहीसा झाला तरच ही तपासणी करायची असं बीपीच्या पथकाने आधीच ठरवलं होतं, आणि तसं काही दिसलं नव्हतं. म्हणजे नियमात बसत होतं. याच सिमेंटच्या मिश्रणाचे हॅलिबर्टनच्या प्रयोगशाळेतले काही निकाल चांगले नव्हते, पण ते निकाल धोक्याची घंटा होऊन कुणाच्या टेबलावर वाजले नाहीत.

राहिली दाबाची चाचणी, जिच्यावरून साहेबांच्या देखत चर्चा चालू होती. कल्पना साधी आहे. वरचा दाब मुद्दाम काढून घ्यायचा आणि बघायचं, खालून काही ढकलतंय का. सिमेंट पक्कं असेल तर आकडा शून्यावर राहतो. ड्रिल पाईपवर दाब आला १,४०० पीएसआय. आपल्या मोटारीच्या टायरमध्ये असतो तीस-पस्तीस. पण शेजारच्या दुसऱ्या नळीवर आकडा होता शून्य. दोन्ही नळ्या एकाच विहिरीला जोडलेल्या, मग एक खोटं बोलतेय. कुठली? कुणीतरी ‘ब्लॅडर इफेक्ट’ असं नाव घेऊन १,४०० चा खुलासा केला. नंतरच्या तपासांत या खुलाशाला कुणी शास्त्रीय आधार देऊ शकलं नाही. शून्यवाला आकडा धरला आणि चाचणी उत्तीर्ण म्हणून नोंदली. ह्यूस्टनच्या कार्यालयातल्या एका इंजिनिअरशी त्या रात्री फोनवर बोलणंही झालं. काम थांबलं नाही. मड काढून त्या जागी समुद्राचं हलकं पाणी भरणं चालू राहिलं. थोडक्यात, झाकण घट्ट बसलंय असं मनाशी ठरवून त्याच्यावरचं वजन उचललं.

पुढचं वेगात घडलं. मड उसळून वर आला, पाठोपाठ वायू आला, आणि वायूला ठिणगी मिळाली. समुद्राच्या तळाशी विहिरीच्या तोंडावर सुमारे ४०० टनांचा ब्लोआउट प्रिव्हेंटर बसवलेला होता. सगळं फसलं तर पाईप कापून तोंड बंद करणारं हे शेवटचं कुलूप. पाईप आतल्या दाबाने वाकून मध्यापासून सरकला होता, त्यामुळे पात्यांना तो नीट कापताच आला नाही. वर तपासात उतरलेली बॅटरी आणि चुकीचं वायरिंगही सापडलं.

या यादीत खलनायक शोधायला गेलात तर हाती फारसं लागत नाही. कुणीही मुद्दाम विहीर फोडायला निघालं नव्हतं. सुटा बघितला तर प्रत्येक निर्णय समजण्यासारखा वाटतो. प्रश्न असा की, हे सगळे सुटे निर्णय एका कागदावर मांडून बेरीज करणं कुणाचं काम होतं? कुणाचंच नव्हतं. आणि हे काम कुणाचंच नसणं, ही वरिष्ठांची करणी असते. खालच्या माणसाला ती रचना बदलता येत नाही.

स्फोटाच्या तीन दिवस आधी विहिरीच्या कामाचा प्रमुख आपल्या वरिष्ठाला लिहीत होता की, शेवटच्या क्षणी इतके बदल चाललेत की रिगवरची माणसं मेटाकुटीला आली आहेत. वरिष्ठाचं उत्तर आलं, दुपारी बोलू. दोघांचाही दोष सांगायचा म्हणून हे लिहीत नाही. ‘दुपारी बोलू’ असं आपण सगळेच लिहितो. पण जिथे अशा पत्रानंतर काम आपोआप थांबत नाही, तिथे ती दुपार कधीच येत नाही. गंमत म्हणजे, धोका वाटला तर कुणीही काम थांबवावं, असा नियम रिगवर होता. तो वापरून बघायची हिंमत किती जणांत होती? स्फोटाच्या महिनाभर आधी लॉइड्स रजिस्टर या संस्थेने ट्रान्सओशनसाठी केलेल्या पाहणीत काही कामगारांनी सांगून ठेवलं होतं की, चुका कळवल्या तर आपल्यावरच डाफरतील अशी भीती वाटते.

आणखी एक गोष्ट मला जास्त बोचते. डिसेंबर २००९ मध्ये ट्रान्सओशनच्याच दुसऱ्या एका रिगवर, ब्रिटनजवळच्या उत्तर समुद्रात, असाच प्रसंग येऊन गेला होता. दाबाची चाचणी उत्तीर्ण धरली, मड काढून पाणी भरलं आणि विहीर उसळली. तिथे वेळीच आवरलं. कंपनीने त्यावर सादरीकरणही तयार केलं. डीपवॉटर होरायझनच्या माणसांपर्यंत ते पोचलं नाही. आपल्याच घरातला अनुभव, चार महिन्यांपूर्वीचा.

आता बीपीच्या वरच्या मजल्यावर जाऊ. २३ मार्च २००५ ला टेक्सास सिटीतल्या बीपीच्या रिफायनरीत स्फोट होऊन १५ जण मेले होते. त्यानंतर अमेरिकेचे माजी परराष्ट्रमंत्री जेम्स बेकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. तिने जानेवारी २००७ मध्ये दिलेला अहवाल या लेखाच्या विषयाचं पाठ्यपुस्तक म्हणून वाचावा. समितीने सुरक्षेचे दोन प्रकार वेगळे केले. एक माणसाची सुरक्षा: हेल्मेट, हातमोजे, घसरणं, पडणं. दुसरी प्रक्रियेची: दाब, तापमान, वायूगळती, झडपा. बीपी पहिल्या प्रकारचे आकडे चोख ठेवत होती आणि ते सुधारले की सगळंच सुरक्षित आहे असं मानत होती. पण या दोहोंचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. बोटाला लागणं वारंवार घडतं, म्हणून ते मोजता येतं. विहीर अशी फुटणं क्वचितच घडतं. त्याआधी तिचा आकडा नेहमी शून्यच दिसतो, शेवटच्या दिवसापर्यंत.

घरचंच उदाहरण घ्या. स्वयंपाकघरात वर्षभर कुणाचं बोट कापलं नाही, यावरून सिलिंडरची नळी धड आहे की नाही हे कळत नाही. ती वाकून बघावी लागते.

२००६ मध्ये अलास्कातल्या प्रूडो बे इथे बीपीची गंजलेली पाईपलाइन फुटून दोन लाख गॅलनहून अधिक तेल सांडलं. २००७ मध्ये हेवर्ड मुख्याधिकारी झाले तेच सुरक्षेवर काटेकोर लक्ष देण्याचं वचन देऊन. त्यांनी काहीच केलं नाही असं म्हणणं अन्यायाचं होईल. नवी सुरक्षा प्रणाली आणली गेली. पण त्याच काळात खर्चकपातही जोरात होती, २००९ या एका वर्षात चार अब्ज डॉलरहून जास्त. वरून एकाच वेळी ‘सुरक्षित राहा’ आणि ‘स्वस्तात आणि लवकर करा’ असे दोन निरोप आले, तर त्यातला कुठला खरा हे खालचा माणूस भाषणावरून ठरवत नाही. बढती कशावर मिळते ते बघून ठरवतो. म्हणूनच २० एप्रिलच्या पाहुण्यांनी हातमोज्यांबद्दल विचारणं आणि १,४०० बद्दल न विचारणं मला योगायोग वाटत नाही. त्यांना जे मोजायला शिकवलं होतं, ते त्यांनी मोजलं. बेकर समितीचा अहवाल तोवर तीन वर्षं जुना झाला होता.

स्फोटानंतर तेल ८७ दिवस वाहत राहिलं. १५ जुलैला तोंड बंद झालं. सरकारी अंदाजाप्रमाणे विहिरीतून ४९ लाख बॅरल तेल बाहेर आलं. पुढे न्यायालयाने समुद्रात गेलेलं तेल ३१.९ लाख बॅरल धरलं. सुरुवातीला मात्र जगाला दिवसाला १,००० बॅरल आणि मग ५,००० बॅरल असे आकडे सांगितले जात होते. खरा आकडा पन्नास हजारांच्या वर निघाला. गळतीच्या प्रमाणाबद्दल अमेरिकी संसदेची दिशाभूल केल्याचा गुन्हा बीपीने नंतर कबूल केला. आतापर्यंतच्या गोष्टींत डोळेझाक होती. इथे नुसती डोळेझाक नाही, हा फरक लक्षात ठेवायला हवा.

तयारीचं म्हणाल तर आखातात तेल सांडल्यास काय करायचं याचा जाडजूड आराखडा बीपीकडे होता. त्यात वॉलरसचा उल्लेख होता. वॉलरस हा बर्फाळ उत्तर ध्रुवाकडचा प्राणी. मेक्सिकोच्या आखातात तो चित्रातच. मदतीला ज्या तज्ज्ञांना बोलवायचं त्यांच्या यादीत काही वर्षांपूर्वी वारलेले एक प्राध्यापक होते. जूनमध्ये संसदेच्या सुनावणीत दुसऱ्या बड्या तेल कंपन्यांचे आराखडे उघडले, तर तिथेही वॉलरस. कुठला तरी जुना मजकूर उतरवून सह्या झाल्या होत्या, आणि मंजुरी देणाऱ्या सरकारी खात्यानेही तो वाचला नव्हता. त्या खात्याकडे दोन कामं होती, तेल कंपन्यांवर देखरेख करणं आणि त्यांच्याकडून महसूल गोळा करणं. अपघातानंतर ते मोडून कामं वेगळी केली.

हेवर्ड यांच्या वाक्यांबद्दल थोडंच. आखात हा फार मोठा समुद्र आहे, त्या मानाने सांडलेलं तेल किरकोळ, असं ते मेमध्ये म्हणाले. महिनाअखेरीस म्हणाले की हे सगळं संपावं असं मलाच सर्वांत जास्त वाटतं, मला माझं आयुष्य परत हवंय. अकरा घरांत सुतक असताना! जूनमध्ये तेल वाहत असताना ते इंग्लंडमध्ये नौकांच्या शर्यतीला हजर दिसले. त्याच आठवड्यात बीपीचे अध्यक्ष कार्ल-हेन्रिक स्वानबर्ग किनाऱ्यावरच्या रहिवाशांना ‘लहान माणसं’ म्हणून बसले; ते स्वीडिश, इंग्रजीत घसरले असतील. ऑक्टोबरमध्ये हेवर्ड यांच्या जागी बॉब डडली आले. वर्तमानपत्रांना हे सगळं फार मानवलं, कारण वाक्य छापता येतं, रचना छापता येत नाही. पण समजा हेवर्ड अतिशय सुसंस्कृत, नेमकं बोलणारे असते, तर? विहीर तशीच फुटली असती. जीभ सांभाळणं हा नेतृत्वाचा सर्वांत वरवरचा भाग आहे, आणि माझ्या मते त्यालाच आपण नीतिमत्ता समजून बसतो.

न्यायालयात काय झालं? नोव्हेंबर २०१२ मध्ये बीपीने ११ जणांच्या मृत्यूसह १४ आरोप मान्य केले आणि चार अब्ज डॉलर भरायचं कबूल केलं. सप्टेंबर २०१४ मध्ये न्यायाधीश कार्ल बार्बिए यांनी दोष वाटून दिला: बीपी ६७ टक्के, ट्रान्सओशन ३०, हॅलिबर्टन ३. बीपीचं वर्तन त्यांनी घोर निष्काळजीपणात धरलं. हा शब्द किमती आहे. साधा निष्काळजीपणा असता तर दंड बॅरलमागे १,१०० डॉलरपर्यंत. घोर ठरल्यावर मर्यादा ४,३०० पर्यंत जाते. २०१६ मध्ये सरकारी दाव्यांची २०.८ अब्ज डॉलरची तडजोड न्यायालयाने मंजूर केली. हॅलिबर्टनने सेंट्रलायझरसंबंधीचा संगणकीय पुरावा नष्ट केल्याचं मान्य केलं आणि दंड झाला दोन लाख डॉलर. रिगवरच्या बीपीच्या दोन पर्यवेक्षकांवर मनुष्यवधाचे आरोप ठेवले होते, ते पुढे मागे घेतले गेले. कुठलाही वरिष्ठ अधिकारी तुरुंगात गेला नाही. कंपनीने गुन्हा मान्य केला, पण तो करणारा माणूस सापडला नाही.

हे तिकडचं झालं. आपला संबंध? जानेवारी २०२५ मध्ये ओएनजीसीने मुंबईपासून दीडएकशे किलोमीटरवरच्या मुंबई हाय या आपल्या जुन्या तेलक्षेत्राचं उत्पादन वाढवण्यासाठी तांत्रिक सेवा पुरवणारी कंपनी म्हणून बीपीची निवड केली. यात गैर काही नाही; पोळलेली कंपनी सावधही झाली असेल. मुंबई हायलाही २००५ च्या जुलैत आग लागून २२ माणसं गेली होती, तेही एक जहाज प्लॅटफॉर्मवर आदळून. तेव्हा पुढे कधी तिथल्या सुरक्षेचा अहवाल आला तर त्यात काय मोजलंय ते आपण बघायला हरकत नाही.

कारण काय मोजलं जातं यावर बक्षीस ठरतं. २०११ च्या वसंतात ट्रान्सओशनने भागधारकांना जे निवेदन पाठवलं, त्यात आखातातल्या जीवितहानीचा खेदपूर्वक उल्लेख करून पुढे म्हटलं होतं की, आकडेवारीने पाहता २०१० हे सुरक्षेच्या बाबतीत कंपनीच्या इतिहासातलं सर्वोत्तम वर्ष ठरलं. त्यानुसार अधिकाऱ्यांना सुरक्षेचा बोनसही मंजूर झाला. गदारोळ झाल्यावर कंपनीने शब्दांबद्दल दिलगिरी व्यक्त केली आणि अधिकाऱ्यांनी तो बोनस मृतांच्या कुटुंबांसाठीच्या निधीला देऊन टाकला. आकडेमोडीत मात्र चूक नव्हती. कंपनीच्या सूत्रात त्या वर्षीचे आकडे घातले, अकरा जण धरून, तरी उत्तर तेच येत होतं.